जाऊबाई आणि यंत्राचा अबोला

"मागे वळून बघू नकोस. घर काही आपल्या मागून चालत येत नाहीये," जाऊबाई म्हणाल्या.

सव्वा तास आम्ही कालव्याकाठच्या रस्त्याने चालत होतो आणि मी तिसऱ्यांदा मागे वळून बघितलं होतं. एका बाजूला हिरवट पाणी, दुसऱ्या बाजूला गोदामं आणि सायकल दुरुस्तीची दुकानं. दुपारची वेळ म्हणून निम्मी शटरं खाली ओढलेली. माझ्या उजव्या चपलेचा अंगठा सुटायला आला होता. जाऊबाईंच्या पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात मिटलेली छत्री. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. छत्री कशाला, असं विचारलं तर म्हणाल्या, "कुत्र्यांशी चर्चा करायला."

"अजून किती चालायचं?"

"पावणेदोन तास. साडेपाचच्या आत घरात पाऊल टाकायचं नाही, आपलं ठरलंय."

"आणि माझी चप्पल तुटली तर?"

"तर बाकावर बसू. आपण बसलो तरी घर रिकामंच राहणार ना?"

आम्ही हवा खायला बाहेर पडलो नव्हतो. जाऊबाईंचं घर तीन तास रिकामं ठेवायचं, तिथे कोणी फिरकायचं नाही, कोणी फ्रीज उघडायचा नाही, आणि मग परत जाऊन बघायचं की स्वयंपाकघरातल्या फळीवरचं पत्त्यांच्या जोडाएवढं एक यंत्र तेवढ्या वेळात झोपी गेलं की जागं राहिलं. त्यासाठी ही पायपीट. जाऊबाईंना स्वतःच्या घरात राहायला मिळणार की नाही, हे त्या यंत्राच्या झोपेवर ठरणार होतं.

जाऊबाई म्हणजे माझ्या मोठ्या दिरांची बायको. वय एकोणसत्तर. दीर जाऊन सहा वर्षं झाली. त्या तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात, आम्ही त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर. एकतीस वर्षं त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. बाहेरगावचा फोन लागायला तासन् तास वाट बघावी लागायची, तेव्हाची गोष्ट. समोर भोकाभोकांची भिंत, हातात टोकाला खुंटी असलेल्या दोऱ्या. ही खुंटी काढून त्या भोकात घातली की एका गावचा माणूस दुसऱ्या गावच्या माणसाशी बोलायचा. बोलणं मध्येच थांबलं तर लाइनवर जाऊन विचारायचं, "बोलणं चालू आहे?" उत्तर आलं नाही तर खुंटी उपटायची. अर्ध्या गावाची गुपितं त्यांच्या कानावरून गेली आहेत. त्यांनी आजवर एकही बाहेर काढलेलं नाही. फक्त रस्त्यात एखादा भारदस्त माणूस दिसला की त्यांचा डावा गाल किंचित हलतो, आणि मी समजते, याचं काहीतरी ऐकलंय.

त्यांचा मुलगा दूर, विमानाने जावं लागतं अशा गावी असतो. कामात हुशार, स्वभावाने काळजीखोर. जाऊबाई त्याला साहेब म्हणतात, तोंडावरसुद्धा. दीर गेल्यावर साहेबांनी आईला आपल्याकडे नेलं होतं. चार महिन्यांत त्या परत आल्या. "मला तिथे पाहुणीसारखं छान वागवतात," त्या म्हणाल्या, "पण किती दिवस पाहुणी म्हणून जगायचं गं? बाराव्या मजल्यावरची खिडकी उघडतसुद्धा नाही. काचेतून जग बघायचं. मी काय मासा आहे?"

मग त्यांचा गुडघा दुखायला लागला आणि साहेबांच्या काळजीला उधाण आलं. गेल्या वर्षी ते आले आणि ते यंत्र बसवून गेले. छोटासा उघडा संगणक, एका हिरव्या पट्टीवर सगळं काही. सगळे त्याला बोर्ड म्हणतात म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. त्याची एक वायर फ्रीजच्या दाराला. फ्रीज उघडला की बोर्ड घरच्या वायफायवरून साहेबांच्या फोनवर निरोप धाडणार. नाही उघडला तरी तासातून एकदा 'ठीक आहे' म्हणणार. आणि रात्रीची झोपेची वेळ सोडून एरवी दोन तासांत काहीच आलं नाही तर साहेबांचा फोन बोंबलायला लागणार. आई पडली, आई बेशुद्ध, आई गेली, काहीही असू शकतं.

म्हणजे जाऊबाई जिवंत आहेत याचा पुरावा त्यांचा फ्रीज देणार.

"एकतीस वर्षं मी लोकांचं ऐकलं," त्या म्हणाल्या, "आता फ्रीज माझं ऐकतोय. फिट्टंफाट झाली."

पहिले काही महिने सुरळीत गेले. मग बोर्डचं वायफाय सुटायला लागलं. राउटर चालू, दिवे लुकलुकताहेत, पण बोर्डचा पत्ता नाही. साहेबांचा फोन बोंबलायचा, ते आईला फोन करायचे, आईचा फोन उशीखाली. मग मला फोन. "काकू, जरा वर जाऊन बघता?" मी कणकेच्या हातांनी दोन मजले पळत वर. जाऊबाई दार उघडून म्हणायच्या, "आलीस? जिवंत आहे म्हणून सांग. आणि आलीच आहेस तर चहा टाक."

असं चालूनही गेलं असतं. पण एका मंगळवारी मी बेल वाजवली तर दार उघडेना. हाका मारल्या, उत्तर नाही. माझ्याकडची किल्ली लागेना, आतून कडी. मी देवाचं नाव घेतलं आणि कोपऱ्यावरच्या सुताराला ओढत आणलं. त्याने पटाशी घालून कडी उचकटली. आम्ही दोघं आत घुसलो, आणि न्हाणीघरातून जाऊबाई बाहेर आल्या. टॉवेल गुंडाळलेला, डोक्यावर साबणाचा फेस उभा राहिलेला. सुतार भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि भिंतीलाच म्हणाला, "माफ करा, आजी."

"आजी कोणाला म्हणतोस?" जाऊबाई म्हणाल्या. "आणि कडी तूच बसवून जा."

त्या संध्याकाळी साहेबांनी शेवटचं सांगितलं. फोन स्पीकरवर होता, मी समोर बसले होते.

"आई, हे असं नाही चालणार. प्रत्येक वेळी माझा जीव जातो. तू इकडे ये."

"बंद तुझं यंत्र पडतंय. मी चालू आहे."

"ठीक आहे. आजपासून तीन आठवडे. तेवढ्यात अलार्म एकदाही वाजला नाही तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही. वाजला, की मी येणार, तुला घेऊन जाणार आणि घर भाड्याने देणार. कबूल?"

"कबूल."

"काकू, तुम्ही पंच. तुम्ही खोटं बोलत नाही."

हे खरं आहे, मी बोलत नाही. त्याचं मला त्या दिवशी पहिल्यांदा ओझं वाटलं.

फोन ठेवल्यावर जाऊबाईंनी उठून जुनी वही काढली, पट्टीने रेघा मारल्या. एका रकान्यात वेळ, दुसऱ्यात 'तेव्हा घरात काय चाललं होतं'. एक्स्चेंजमध्ये लाइन तुटली की अशीच नोंद करायच्या म्हणे. "बिघाडावर रागवायचं नाही. त्याच्या सवयी लिहायच्या. सवय कळली की पकडलाच."

चार दिवस जाऊबाई त्या यंत्रासमोर खुर्ची टाकून बसल्या. त्याचा दिवा लुकलुकायचा थांबला, म्हणजे वायफाय सुटलं, की पान उघडून वेळ लिहायची, मग प्लग काढून परत लावायचा की ते जागं व्हायचं. दुपारची झोप गेली, वाचनालय बंद झालं, जिना उतरणं बंद झालं. "या यंत्राने मला सांभाळायचं होतं," त्या म्हणायच्या. "आता मीच याची आया झालेय. बरं, हे रडतसुद्धा नाही. गुपचूप जातं."

साहेबांना विचारायची सोय नव्हती. ते म्हणाले असते, बघ, तुला झेपत नाहीये. म्हणून आम्ही बोर्ड रुमालात गुंडाळून बाजारातल्या जिन्याखालच्या मोबाइल दुरुस्तीवालीकडे गेलो. तिशीची बाई, एका डोळ्याला भिंग, ओठांत बारीकसा स्क्रू धरलेला, त्यामुळे दात न उघडता बोलते.

"हे कशात ठेवता?" तिने विचारलं.

मी जमिनीकडे बघायला लागले. स्वयंपाकघरातल्या वाफेने, फोडणीने असलं नाजूक यंत्र खराब होईल म्हणून मी जाऊबाईंना बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा दिला होता. कोपऱ्यात वायरीपुरतं भोक पाडून, खाली मऊ फडकं अंथरून, वर घट्ट झाकण. माझ्या घरात जे जे किमती आहे ते ते डब्यात आहे.

"पत्र्याच्या डब्यात," जाऊबाई म्हणाल्या.

"पत्र्यातून वायफाय कसं जाईल? कोणी ठेवलं?"

"घरात उंदीर आहेत," जाऊबाई गंभीरपणे म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. डावा गाल तेवढा हलला.

दुरुस्तीवालीने आणखी दोन संशयित सांगितले. एक, चार्जर. मोबाइलचा जुना चार्जर लावला होता, त्यातून बोर्डला पुरेसा करंट मिळत नसावा. टीव्हीला जोडून बघा, कोपऱ्यात विजेचं छोटं चिन्ह येत असेल तर ते उपाशी आहे. दुसरा संशयित झोप. वीज वाचवायला म्हणून वायफायचा भाग थोडं काम नसलं की डुलकी काढतो. राउटरला वाटतं पलीकडे कोणी नाही, तो नाव काढून टाकतो. आणि बोर्डही आपणहून परत हाक मारत नाही.

"म्हणजे दोघं एकाच घरात, आणि बोलत नाहीत," जाऊबाई म्हणाल्या.

"हो."

"ह्याला अबोला म्हणतात. आमच्याकडे होऊन गेलाय," आणि त्यांनी छत्रीने माझ्याकडे बोट दाखवावं तसं दाखवलं.

झाला होता. सव्वीस वर्षांपूर्वी, सासूबाईंच्या शिलाई मशीनवरून. मशीन कोणाकडे जाणार यावरून शब्दाला शब्द वाढला आणि आम्ही आठ महिने एकमेकींशी बोललो नाही. आधी बोलेल तिचं नाक कापलं जाईल असं दोघींनाही वाटत होतं. तर जाऊबाईंनी काय करावं? रोज दुपारी तीनला एक्स्चेंजमधून आमच्या घरी फोन. मी उचलला की पलीकडून सरकारी आवाज, "लाइन तपासतेय. चालू आहे?" मी काही न बोलता ठेवून द्यायची. रविवार सोडून रोज. आठ महिने. एका दुपारी मी तापाने पडले होते, फोन वाजला, उचलला, "चालू आहे?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "चालू आहे, पण ताप आहे." संध्याकाळी त्या दारात उभ्या, हातात औषधाची बाटली. शिलाई मशीन शेवटी दोघींनीही घेतलं नाही, ते नणंदेकडे गेलं.

दुरुस्तीवालीने एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर दोन ओळी लिहून दिल्या. इंग्रजी अक्षरं, आकडे, मध्ये मध्ये रेघा. "पहिली ओळ टाइप केली की ते झोपायचं बंद होईल. दुसरी ओळ म्हणजे ते बंद करून चालू झालं तरी लक्षात राहील, आणि दर मिनिटाला राउटरला हाक मारेल, ओ आली नाही तर स्वतःच जोडून घेईल. दोन्ही टाका. डबा काढा, चार्जर बदला."

कोणीही शहाणा माणूस घरी जाऊन हे सगळं करून मोकळा झाला असता. जाऊबाईंची रीत वेगळी. "एका वेळी एकच खुंटी हलवायची. सगळ्या एकदम हलवल्या तर चोर कोण होता ते कधीच कळत नाही."

"पण आपल्याला चोर कशाला हवाय? घर हवंय," मी म्हटलं.

"चोर मोकळा राहिला तर परत येतो."

म्हणून पहिल्यांदा फक्त डबा काढला. दिवसातून पाचदा सुटायचं ते दोनदा सुटायला लागलं. मला जरा शरम वाटली. मग चार्जर बदलला. टीव्हीच्या पडद्यावरचं विजेचं चिन्ह गेलं. आता दिवसातून एकदाच सुटायचं, आणि वहीत बघितलं तर दर वेळी घर शांत असताना. 'दुपारी २.४०, मी पेपर वाचत.' 'सकाळी ११.१०, धाकटी खाली गेली, मी डोळे मिटून.' फ्रीजची उघडझाप चालू असली की बोर्डचं बोलणं चालू, म्हणून जागं. सगळं शांत झालं की गेलं.

"शेवटची खात्री करायला हवी," त्या म्हणाल्या. "पूर्ण रिकामं घर. तीन तास." पण तीन तास बोर्ड गप्प राहिला तर अलार्म वाजणार, आणि मग खेळ खलास. तेवढ्यात साहेबांनीच सांगितलं की गुरुवारी त्यांना कामासाठी प्रवास आहे. तीनचं विमान, सातला उतरणार. विमानात फोन बंद. उतरल्यावर फोन फक्त शेवटचा निरोप कधीचा आहे ते बघणार. सातच्या आत बोर्डने एकदा 'ठीक आहे' म्हटलं की झालं.

"सुखरूप जा रे राजा," जाऊबाईंनी त्यांना फोनवर इतक्या मायेने सांगितलं की मला त्याच वेळी संशय आला.

तर अशी ती पायपीट. साडेचारला माझी चप्पल तुटलीच. जाऊबाईंनी छत्रीची बांधायची पट्टी तोडून माझ्या पायाला बांधली. एका बाकावर आम्ही अर्धा तास काढला. एक कुत्रा आला, त्याच्याशी चर्चा झाली. त्याचं म्हणणं त्यांना पटलं असावं, कारण पर्समधलं बिस्किट त्याला मिळालं, मला नाही.

साडेपाचला घरी पोहोचलो. बूटही न काढता त्यांनी टीव्ही लावला आणि यंत्राची नोंद उघडली. कधी जोडलं, कधी सुटलं, हे ते स्वतःच लिहून ठेवतं. तीन वाजून सव्वीस मिनिटांनी सुटलं होतं.

"पकडला!" त्या ओरडल्या. "दोन तास होऊन गेले, गडी झोपलाय खुशाल."

मग प्लग काढून लावला, साहेबांनी ठेवलेला कीबोर्ड मांडीवर घेतला, पुठ्ठा माझ्या हातात दिला, आणि मी एकेक अक्षर वाचायला लागले. मराठी शाळेत शिकलेली मी. "हे उलटं पोट असलेलं बी की डी?" जाऊबाई ऑपरेटरच्या आवाजात एकेक अक्षर परत म्हणायच्या आणि मगच बटण दाबायच्या. तीनदा चूक झाली. यंत्राने तिन्ही वेळा इंग्रजीत नकार दिला. चौथ्यांदा काहीच बोललं नाही, फक्त पुढची ओळ दाखवली. काही बोललं नाही म्हणजे ऐकलं, असं दुरुस्तीवालीने सांगून ठेवलं होतं.

"आता दुसरी ओळ," मी म्हटलं.

"आज नाही. एका वेळी एकच."

"अहो जाऊबाई, चोर सापडला ना?"

"सापडला वाटतंय. चार दिवस बघू दे, खरंच हाच होता का."

सहा चाळीसला त्यांनी फ्रीज उघडला. सात वाजता साहेब उतरले. सात दहाला त्यांचा फोन आला, "पोहोचलो. सगळं ठीक ना?"

"तुझ्या फ्रीजला विचार," जाऊबाई म्हणाल्या.

त्यानंतर पाच दिवस यंत्र एकदाही सुटलं नाही. जाऊबाई परत वाचनालयात जायला लागल्या, दुपारी झोपायला लागल्या. मला वाटलं, सुटलो. आणि चौदाव्या दिवशी मी त्यांचं घर झाडायला घेतलं.

त्यांचा गुडघा सुजला होता, म्हणून म्हटलं आज वरचं घर मीच साफ करते, तुम्ही खाली आमच्याकडे बसा, जेवायलाही तिथेच. व्हॅक्यूम क्लीनरची वायर स्वयंपाकघरापर्यंत पोहोचत नव्हती. फळीखाली एकच सॉकेट. मी बोर्डचा प्लग काढला, दहा मिनिटांत काम उरकलं, प्लग परत लावला. हिरवा दिवा लागला. साडेबाराला पाण्याच्या बाटल्या फ्रीजमध्ये ठेवल्या, दार बंद केलं आणि खाली आले. मनात समाधान. डबा देतानाही असंच समाधान होतं, हे तेव्हा सुचलं नाही.

जेवणं झाली. जाऊबाई आमच्या खाटेवर आडव्या झाल्या. पावणेतीनला उठल्या, चहा मागितला. मी कौतुकाने सांगितलं, "वरचं घर चकाचक केलंय. फळीखालीसुद्धा मशीन फिरवलं."

त्यांचा कप ओठांपाशी थांबला. "फळीखाली? मशीन कुठल्या सॉकेटला लावलंस?"

मी सांगितलं.

"अगं बाई! ती ओळ ते विसरलं असणार! दुसरी मी टाकलीच नाहीये!" त्यांनी घड्याळ बघितलं. "साडेबाराला फ्रीज. तू निघालीस की घर शांत. बाटल्यांनंतर ते बोललंच नसेल तर अडीचलाच वाजायला हवा होता. नाही वाजला, म्हणजे दीडला एकदा 'ठीक' म्हणालंय. साडेतीनपर्यंत वेळ आहे."

"मग ठीक आहे की, पाऊण तास..."

"किंवा साहेबांचा फोन कुठल्या तरी मीटिंगमध्ये बंद आहे आणि ते आत्ता बाहेर येताहेत. पळ!"

मी पळाले. साठीला आलेली बाई मी. दोन मजले. एरवी मी देवाकडे काही मागत नाही, जे आहे त्याचे आभार मानते. त्या जिन्यात मात्र मागितलं. वायफाय म्हणजे काय हे देवाला समजावून सांगायची गरज पडणार नाही, एवढा माझा विश्वास आहे. आत गेले, प्लग काढला, दहा आकडे मोजले, लावला. बोर्ड जागं व्हायला दीड मिनिट घेतं. ते दीड मिनिट मी फ्रीजच्या दाराला धरून उभी होते. हिरवा दिवा लुकलुकायला लागला आणि मी फ्रीज उघडला. बंद केला. निरोप गेला की नाही कसं कळणार? परत उघडला. परत बंद. आतल्या बाटल्या किणकिणायला लागल्या. जाऊबाई कठडा धरत धरत वर आल्या तोवर मी पंख्यासारखं दार हलवत होते.

"पुरे!" त्या दारातून म्हणाल्या. "त्याला वाटेल मी फ्रीजमध्ये राहायला गेले."

साडेतीन वाजले. पावणेचार वाजले. फोन आला नाही. आम्ही दोघी स्वयंपाकघरात खाली बसून राहिलो, तिथेच, फरशीवर. मग त्यांनी पुठ्ठा मागितला आणि दुसरी ओळ टाकायला घेतली. ती टाकून झाल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने प्लग उपटला, परत लावला, आणि तासभर समोर बसून बघितलं. यंत्राच्या नोंदीत दर मिनिटाला एक हाक, एक ओ. हाक, ओ. हाक, ओ.

"आमच्या एक्स्चेंजमधली एक बाई अशीच होती," त्या म्हणाल्या. "घरी नवऱ्याशीसुद्धा."

संध्याकाळी साहेबांचा फोन. "आई, दुपारी तीनच्या सुमारास अकरा वेळा फ्रीज?"

"उकडत होतं."

"अकरा वेळा?"

"आधी दहा वेळा उकडलं. मग अकराव्यांदा बरं वाटलं."

जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. साहेबांनी मला काही विचारलं नाही, देवाची कृपा.

तीन आठवडे पूर्ण झाले त्या दिवशी साहेब म्हणाले, "आई, मानलं. अलार्म एकदाही नाही. तू तिथेच राहा. खरं सांगू, इतकी वर्षं मला झोप लागत नव्हती, आता लागते. दिवसभर अधूनमधून बघतो, फ्रीज उघडला, मग कळतं तू चहाचं दूध काढलंस." जाऊबाई म्हणाल्या, "झोप हो राजा," आणि या वेळी मला संशय आला नाही.

फोन ठेवून त्या खिडकीपाशी गेल्या. खालून भाजीची हातगाडी चालली होती. त्यांनी खिडकी पूर्ण उघडली आणि वरूनच गाडीवाल्याला कोथिंबिरीवरून चार शब्द सुनावले. मला वाटलं, संपलं सगळं.

आठवड्याने त्या खाली आल्या, आपणहून चहा टाकला, मला खुर्चीवर बसवलं. मी सावध झाले.

"एक्स्चेंजमधल्या आम्ही सहा जणी उरलोय," त्या म्हणाल्या. "पुढच्या शनिवारी सगळ्या जमताहेत. समुद्राकाठी एक लॉज आहे. दोन रात्री. मी गेले नाही तर पाचच राहतील, आणि पाच जणींत पत्ते धड होत नाहीत."

"मग जा की. साहेबांना सांगा."

"सांगितलं तर तो गुडघ्याचं नाव काढेल. नाहीतर स्वतः येऊन माझ्या शेजारी बसमध्ये बसेल. सहा ऑपरेटर बायका जे बोलणार आहेत ते मुलाने ऐकण्यासारखं नाही."

"आणि तिथे तुम्ही पडलात तर?"

"तर उचलायला पाच जणी आहेत. इथे कोण आहे? फ्रीज."

मी माझं नेहमीचं उत्तर दिलं, "जाऊबाई, मी खोटं बोलणार नाही."

"बोलायला कोण सांगतंय? तो विचारणार फ्रीजला." त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांच्या तळहाताला अजून त्या खुंट्यांचे घट्टे आहेत. "घरात कोणी आहे, असं तो म्हणणार, आणि कोणी असणारच आहे. तू. हे बघ, मी लिहून आणलंय. सकाळी सहाला एकदा, दुधासाठी. मग नऊला, साडेदहाला, बाराला दोनदा. दुपारी दोन ते चार हात लावायचा नाही, मी तेव्हा झोपते, त्याला माहीत आहे. संध्याकाळी दोनदा. आणि जेवणानंतर एकदा, आइस्क्रीमचा डबा काढायला. नुसतं दार उघडून बंद करू नकोस, आइस्क्रीम खा, म्हणजे तुझ्या मनालाही खोटं वाटायला नको. शनिवारी सकाळी माझी बस आहे. दोन दिवस माझ्या घरी येऊन मी होशील का?"